मूल परदेशी जातं तेव्हा आईबापाच्या मनात नेमकं काय होतं

लेक अमेरिकेला गेली त्याला तीन आठवडे झाले, तरी आमच्या दारात सकाळी दुधाच्या दोन पिशव्या येतच होत्या. आम्हा दोघांना एक पुरते. दुसरी तिची. दिवसभराची कॉफी आणि रात्री झोपताना पेलाभर दूध, असा तिचा हिशेब. दूधवाल्याला "उद्यापासून एकच टाक" एवढंच सांगायचं होतं, पण ते काही माझ्या तोंडून निघेना. मग उरलेल्या दुधाचं दही लावायचं, दह्याचं ताक करायचं, ताकाची कढी. शेवटी एक दिवस सांगितलं. सांगून झाल्यावर ओट्यापाशी उभी राहून रडले, आणि रडताना माझं मलाच कळेना की मी नक्की कशासाठी रडतेय. मुलगी टेक्सासमध्ये सुखरूप होती. हवं ते विद्यापीठ मिळालं होतं, शैक्षणिक कर्ज मंजूर झालं होतं, व्हिसा झाल्याचे पेढे मीच सोसायटीत वाटले होते.

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या एकाच इमारतीत सहा घरांतली मुलं बाहेर आहेत. या सहा घरांतल्या आयांशी आणि बापांशी मी गेल्या दोन वर्षांत पुष्कळ बोलले. मानसशास्त्रातलं जे समजेल ते वाचत गेले. तीस वर्षं शाळेत शिकवलंय, त्यामुळे एखादी गोष्ट उलगडली की ती दुसऱ्याला सांगावीशी वाटते. ही तर सांगायलाच हवी, कारण आमच्यापैकी प्रत्येकाला वाटत होतं की असं फक्त आपल्यालाच होतंय आणि हे होणं बरोबर नाही.

आनंदही खरा, दुःखही खरं

लोक विचारतात, "अगं, आनंद व्हायला हवा तुला! रडतेस काय?" या प्रश्नात एक चुकीची समजूत दडलेली आहे. आनंद पुरेसा झाला की दुःख उरणार नाही, अशी ती समजूत. प्रत्यक्षात दोन्ही पूर्ण असतात. मुलीचा अभिमान शंभर टक्के असतो आणि तिची उणीवही शंभर टक्के असते. एकाने दुसरं कमी होत नाही. त्यामुळे "चांगल्या बाजूने विचार कर" हा सल्ला कामाला येत नाही. चांगली बाजू आम्हाला पाठ असते.

या भावनेला बरेच जण "रिकामं घरटं" म्हणतात. ते नाव मला अपुरं वाटतं. मुलगा हिंजवडीत नोकरीला लागला आणि बाणेरला मित्रांबरोबर राहायला गेला, तरी घरटं रिकामंच होतं. पण तो रविवारी कपड्यांची पिशवी घेऊन उगवतो, डब्यात भाजी नेतो, आजीला दवाखान्यात न्यायचं असलं तर तासाभरात पोचतो. परदेशी गेलेल्या मुलाचं तसं नाही. तो घरातून गेलेला असतो आणि घरात असतोही.

याला एक शास्त्रीय विचार आहे. पॉलिन बॉस या अमेरिकन कुटुंबचिकित्सक. १९७० च्या दशकात त्यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. माणूस गेला म्हणावं तर तसा पुरावा नाही, आहे म्हणावं तर समोर नाही. अशा अधांतरी तुटण्याला त्यांनी वेगळं नाव दिलं. मी मराठीत त्याला "धूसर वियोग" म्हणते. त्याचे दोन प्रकार त्यांनी सांगितले. एकात माणूस देहाने दूर असतो पण मनात सतत हजर असतो. दुसऱ्यात देहाने समोर असतो पण मनाने हरवलेला, जसं स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांच्या बाबतीत होतं. परदेशी स्थलांतर पहिल्या प्रकारात येतं. बॉस यांचे वडीलही स्वित्झर्लंडहून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले होते, आणि वडिलांची मायदेशाची ओढ बॉस यांनी लहानपणापासून पाहिली होती.

बेपत्ता सैनिकाच्या आईचं दुःख आणि माझं मी एका मापाने मोजणार नाही. वजनात काहीच तुलना नाही. पण जातकुळी ओळखली की आपल्याला काय होतंय ते कळतं.

मनाला कुठल्याही वियोगाला एक शेवट लागतो. माणूस गेला तर दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, अशा पायऱ्या समाजाने बांधून ठेवल्यात. त्या उतरता उतरता मन थोडं थोडं मान्य करत जातं. धूसर वियोगाला अशा पायऱ्या नाहीत. लेकीची खोली आवरायची की तशीच ठेवायची? तिची दुचाकी विकायची की ठेवायची? आमच्याकडे ती पार्किंगमध्ये उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून नवरा दर रविवारी खाली जाऊन ती सुरू करायचा, पाच मिनिटं तशीच चालू ठेवायचा आणि पुसून वर यायचा. विमा भरला, पीयूसी काढून आणलं. जी गाडी कोणी चालवत नाही तिचं पीयूसी! मी काही बोलले नाही. गाडी विकणं म्हणजे ती परत येणार नाही हे आपण ठरवून टाकल्यासारखं होतं, आणि ठेवणं म्हणजे ती येणार असं मनाशी धरून बसणं. दोन्हींपैकी काहीच आमच्या हातात नव्हतं, म्हणून गाडी दर रविवारी सुरू होत राहिली.

आपल्या भाषेला हे धूसरपण जुनं ठाऊक आहे. घरातून निघताना "जाते" म्हणू नये, "येते" म्हणावं, हे आपण मुलांना बोलायला लागल्यापासून शिकवतो. मुंबई विमानतळाच्या दारात जवानाने तिचं तिकीट आणि पासपोर्ट पाहिला, तिने ट्रॉली आत ढकलली आणि मागे वळून "येते गं" म्हणाली. दोन वर्षं होत आली. त्या शब्दाचा अर्थ मी अजून रोज नव्याने लावते.

रडायची मुभा कोणाला?

लेक सासरी निघते तेव्हा पाठवणी असते. ओटी भरतात, मांडवातल्या बायका डोळे पुसतात, एरवी कडक असलेला बापही त्या वेळी रडला तरी कोणी काही म्हणत नाही. जात्यावरच्या ओव्यांमध्ये आईने लेकीच्या दूर जाण्याबद्दल किती गायलंय! पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या. म्हणजे लेकीच्या वियोगाला आपल्याकडे विधी होता, शब्द होते, चाल होती आणि दळताना शेजारी बसून ऐकणारी बाई होती.

व्हिसा झाल्यावर काय असतं? पेढे. अभिनंदनाचे फोन. "सुटलात तुम्ही, लाइन लागली पोरीची!" त्या गर्दीत आईने डोळे पुसले तर ती अपशकुनी किंवा कृतघ्न. ज्यांच्या मुलांना व्हिसा मिळाला नाही त्यांच्यासमोर तर बोलायची सोयच नाही. आणि बापाला तर कुठेच नाही.

ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही, त्याला अभ्यासकांच्या भाषेत वेगळा शब्द आहे. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ही कल्पना मांडली. मी तिला "मान्यता नसलेलं दुःख" म्हणते. त्यांचं म्हणणं साधं आहे. अशा दुःखात माणसाला दोनदा सोसावं लागतं, एकदा मूळ दुःख आणि वर ते लपवायचे श्रम. आमच्या सहा घरांत मी हे डोळ्यांनी पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर्षभर "आम्ही मजेत" म्हणत होत्या. एकदा जिन्यात मी त्यांना सांगितलं की दुधाची पिशवी बंद करताना मला रडू आलं. त्यांनी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि तिथेच पायरीवर बसल्या. तासभर बोलत होतो आम्ही. सल्ला कोणीच कोणाला दिला नाही.

निघायच्या आधीची भांडणं

हे कोणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. अमेरिकेतलं सत्र ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतं, म्हणून पुण्यातली घरं जुलैमध्ये बॅगा भरतात. आणि त्याच दिवसांत घरोघरी कडाक्याची भांडणं होतात. आमच्याकडे भांडण झालं मेतकुटावरून.

बहुतेक विमानांत २३-२३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. नवरा हुकाचा काटा घेऊन बसला होता. मी भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, कुकर, दोन उशांचे अभ्रे घातले. काटा २३.८ दाखवायला लागला. लेक म्हणाली, "आई, हे सगळं तिथे मिळतं." मी म्हणाले, "घरचं मिळतं का?" तिने मेतकुटाची पिशवी काढून ओट्यावर आपटली. दोन तास कोणी कोणाशी बोललं नाही. ज्या मुलीचं तोंड पुढचं दीड वर्ष दिसणार नव्हतं, तिच्याशी मी अर्ध्या किलोवरून अबोला धरला.

वियोग व्हायच्या आधीच मन त्याचं दुःख सुरू करतं. एरिक लिंडमन या मानसोपचारतज्ज्ञाने १९४४ मध्येच हे नोंदवून ठेवलं होतं. युद्धावर गेलेल्यांच्या घरच्यांमध्ये त्यांना हे दिसलं. दूर जाण्याचं दुखू नये म्हणून माणूस आधीच थोडा दूर सरकतो, आणि सरकायला भांडण हा सगळ्यात सोपा रस्ता असतो. मुलांचंही तेच चाललेलं असतं. घर नकोसं झालं की घर सोडणं जमतं. म्हणून त्या पंधरवड्यातले शब्द मनाला लावून घेऊ नका. जमलं तर बॅगा आठवडाभर आधी भरून टाका आणि शेवटचे दिवस मोकळे ठेवा. आम्ही ते केलं नाही, आणि मेतकुटाची ती पिशवी नंतर चार महिने फडताळात होती.

रोज फोन होतो, तरी पोट का भरत नाही

"आता काय, व्हिडिओ कॉल आहे," असं सगळे म्हणतात. खरंच आहे ते. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी बोटीने अमेरिकेला गेल्या तेव्हा पत्र पोचायला आठवडे लागत. पण पत्र पेटीत टाकलं की त्या दिवशीची वाट पाहणं संपायचं. आमची वाट रोज सकाळी आठला सुरू होते.

टेक्सास उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तिचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे आमचे सकाळचे आठ. चहा घेऊन निवांत बसायची वेळ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि अंतर साडेअकरा तासांचं होतं. तिचे साडेनऊ आता आमचे नऊ होतात. त्या वेळी पोळ्यांच्या बाई आलेल्या असतात, नवऱ्याची निघायची घाई असते. पहिल्या वर्षी मला हे माहीतच नव्हतं. आठवडाभर मला वाटत राहिलं की लेक उशिरा फोन करते, टाळते. ती घड्याळाप्रमाणे वेळेवरच होती. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते पुन्हा पूर्ववत होतं. युरोपात मुलं असतील तर हा बदल ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो. कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा.

पण खरी अडचण वेळेची नसते. घरात असताना आपण मुलांशी काय बोलतो ते आठवून पाहा. "टॉवेल कुठाय?" "पंखा बंद कर." "आज काय भाजी? शी." यात बातमी अशी काहीच नसते, पण नात्याचा पोत यानेच विणला जातो. फोनवर मात्र बातमीच लागते. मग आपण परीक्षकासारखे विचारतो, "जेवलीस का? थंडी आहे का? अभ्यास कसा चाललाय?" आणि ती उमेदवारासारखी उत्तरं देते. पाच मिनिटांत दोघी गप्प.

यावर आमच्यापुरता उपाय सापडला तो कामातला फोन. ती स्वयंपाक करत असते, मी भाजी निवडत असते, दोघींचे फोन डब्याला टेकवून उभे. बोललंच पाहिजे असं नाही. एकदा चाळीस मिनिटांत आम्ही जेमतेम दहा वाक्यं बोललो असू. त्यातलं एक होतं, "आई, फोडणी करपतेय का तुझी? आवाज येतोय." त्या दिवशी मला ती घरात असल्यासारखी वाटली.

लपवाछपवी

दोन्हीकडून "सगळं छान" सुरू होतं. ती तापाने फणफणलेली असते आणि सांगत नाही, कारण आई काळजी करेल. आम्ही सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून टाकलं आणि तिला कळवलं नाही, कारण तिची परीक्षा होती. तिसऱ्या दिवशी नात्यातल्या कोणीतरी डोळ्याला पट्टी बांधलेल्या आजोबांचा फोटो ग्रुपवर टाकला. लेकीचा फोन आला तेव्हा ती रागावली नव्हती. ती घाबरली होती. म्हणाली, "आई, आता तू बरं आहे म्हणालीस तरी मला खरं वाटणार नाही."

दुरून प्रेम करताना माणसाकडे फक्त शब्द असतात. चेहऱ्याचा रंग, चालण्यातला थकवा, ताटात टाकलेलं अन्न यातलं काही दिसत नाही. त्या शब्दांवरचा भरवसा गेला की काळजी कमी होत नाही, उलट चोवीस तास सुरू होते, कारण मन मग आवाजातला चढउतार तपासत बसतं. आमच्या घरात आता नियम आहे. तपासणी ठरली की आधी सांगायचं, निकाल काय आला तेही सांगायचं, आणि तिनेही तसंच. याच्या जोडीला एक फाइल केली आहे. त्यात दोघांची औषधं, डॉक्टरांचे नंबर, आरोग्यविम्याचे कागद. एक किल्ली वहिनींकडे. तिचा फोन आला तर दार उघडायला कोणीतरी आहे, हे तिला माहीत आहे.

"परत कधी येणार?"

हा प्रश्न नातेवाईक आम्हाला विचारतात आणि आम्ही मुलांना. मुलांकडे बहुतेकदा उत्तर नसतं, आणि त्याला मनाचा हिशेब कमी, कायद्याचा जास्त कारणीभूत असतो. अमेरिकेत शिक्षण संपल्यावर १२ महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना पुढे आणखी २४ महिने. त्यानंतर राहायचं तर एच-वन-बी, म्हणजे तिथे नोकरी करण्याचा व्हिसा. त्याच्या वर्षाला ६५,००० जागा, आणि तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. अर्ज त्याहून फार जास्त येतात, त्यामुळे कित्येक वर्षं म्हाडासारखी सोडतच काढत आले. ते मिळालं तरी पासपोर्टवर नवा शिक्का घ्यायला वकिलातीत जावं लागतं. इकडे आल्यावर ती तारीख लांबली तर नोकरी धोक्यात, म्हणून मुलं लग्नाकार्यालाही येत नाहीत. ग्रीन कार्डाची रांग तर भारतीयांसाठी वर्षानुवर्षं सरकत नाही, कारण नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या कार्डांत एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांवर थांबवलेला आहे.

हे समजल्यावर माझा एक राग विरघळला. शेजारच्या काकांचा मुलगा आजीच्या वेळी आला नाही, तेव्हा मीही त्याला मनातून नावं ठेवली होती. तोही आमच्यासारखाच अधांतरी आहे. आपला वियोग धूसर असतो, कारण मुलांचं आयुष्यच तिथे धूसर असतं.

दोघांचं दुःख एका वेळी येत नाही

मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शुट या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये दुःखाबद्दल एक गोष्ट मांडली, ती मला फार उपयोगी पडली. दुःखातला माणूस दोन टोकांमध्ये झुलत राहतो. कधी तो गेलेल्याच्या आठवणीत असतो, तर कधी नव्या आयुष्याच्या व्यवहारात. झुलणं हीच निरोगी गोष्ट. एकाच टोकाला चिकटून राहिलं की त्रास होतो.

पण घरात झुलणारी माणसं दोन असतात आणि त्यांची लय जुळत नाही. मी आठवणीच्या टोकाला असायची तेव्हा नवरा कर्जाचे हप्ते, डॉलरचा भाव, परकीय चलनाचे फॉर्म यात असायचा. मला वाटायचं, याला काही वाटतच नाही. तो कधीतरी शांत बसलेला असायचा, तेव्हा मी भिशीला निघालेली. त्यालाही तसंच वाटत असणार.

एक मात्र स्पष्ट सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटतंय, झोप किंवा भूक गेली आहे, आवडत्या गोष्टी नकोशा झाल्यात, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर ते झुलणं नाही. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

सुट्टीतली भेट

दीड वर्षाने लेक तीन आठवडे आली. पहिले चार दिवस दुपारी झोपली आणि पहाटे तीनला जागी. मग दातांचा डॉक्टर, बँकेचं केवायसी, मैत्रिणीचं लग्न, लक्ष्मी रस्त्यावरची खरेदी. माझ्याकडे रोज काय करायचं याची यादी होती, खरवसापासून अळूच्या फदफद्यापर्यंत. निम्मी तशीच राहिली. आमची कल्पना असते की ती आपल्याकडे येतेय. ती तिच्या गावाकडे आलेली असते, आणि त्या गावात आपण आहोत. हे आधी कळलं असतं तर मी यादी चार ओळींची केली असती.

एका संध्याकाळी तिने खाली दुचाकी पाहिली. म्हणाली, "ही अजून आहे? मावसबहिणीला देऊन टाका ना, तिला कॉलेजला लागते." एवढं सोपं होतं. आम्ही दीड वर्ष तिला विचारलंच नव्हतं.

दुसऱ्यांदा सोडायला जाणं मला पहिल्यापेक्षा जड गेलं. पहिल्या वेळी काटा होता, बॅगा होत्या, कागद होते, धास्ती होती. या वेळी काहीच नव्हतं, नुसतं सोडणं होतं. पहिल्यांदा मुंबईहून परतताना आम्ही पुण्यापर्यंत एक शब्द बोललो नव्हतो. या वेळी एक्स्प्रेसवेवर फूड मॉलला गाडी थांबवली. पहाटेचे साडेतीन झाले होते. ड्रायव्हर चहा प्यायला गेला. मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, तुला काही वाटतं की नाही रे?"

त्याने कागदी कप दोन्ही हातांत धरला होता. बराच वेळ तो त्यातल्या चहाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू भिशीला जातेस ना, तेव्हा मी तिच्या खोलीत जाऊन झोपतो. पहिल्या आठवड्यापासून."

मला माहीत नव्हतं.